मेणबत्तीचे पात्र : सौंदर्याआधी सुरक्षितता

बुद्धवंदनेच्या प्रारंभी मेणबत्ती प्रज्वलित करणे हा आपल्या घराघरांतील नित्यक्रम आहे. बुद्धपौर्णिमा, १४ एप्रिल, धम्मचक्र प्रवर्तन दिन, ६ डिसेंबर या दिवशी विहारांत, वस्त्यांत आणि वसतिगृहांत मेणबत्त्यांच्या रांगाच्या रांगा तेवत असतात. अलीकडे या मेणबत्त्या बाजारातून आणण्याऐवजी घरीच तयार करण्याची हौस वाढली आहे. काही भगिनींनी त्यातून छोटासा गृहोद्योगही सुरू केला आहे. घरगुती मेणबत्त्यांत नवशिक्यांना सर्वांत सोपा वाटणारा प्रकार म्हणजे काचेच्या पेल्यात, स्टीलच्या वाटीत किंवा मातीच्या भांड्यात मेण ओतून केलेली मेणबत्ती. तिला साचा लागत नाही, मेण बाहेर ओघळत नाही आणि ती दिसतेही सुबक.

परंतु भांडे निवडताना विचार होतो तो बहुधा रंगाचा, नक्षीचा आणि किमतीचा. हेच भांडे पुढे तासन्‌तास आगीला आपल्या पोटात सांभाळणार आहे, हे सहसा ध्यानात येत नाही. उत्तम मेण आणि उत्तम वात असूनही भांडे चुकीचे निघाले, तर ती मेणबत्ती धोक्याची ठरते. म्हणून पहिली मेणबत्ती करण्यापूर्वी भांड्याची पारख कशी करावी, हे या लेखात सांगण्याचा प्रयत्न केला आहे.

मेणबत्ती आपले भांडे आपणच घडवते

मायकेल फॅरडे या थोर शास्त्रज्ञाचे नाव आपल्या विज्ञानाच्या पाठ्यपुस्तकात सर्वांनी वाचलेले आहे. लोहाराच्या घरी जन्मलेल्या आणि पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी केलेल्या या माणसाने लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये १८६०-६१ च्या नाताळात मुलांसाठी केवळ मेणबत्ती या एका विषयावर व्याख्यानमाला दिली. ती १८६१ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. उभ्या मेणबत्तीच्या माथ्यावर वितळलेल्या मेणाची जी छोटीशी वाटी तयार होते, तिच्याकडे फॅरडेने मुलांचे लक्ष वेधले होते.

ही वाटी कशी तयार होते? ज्योतीमुळे तापलेली हवा वर जाते आणि तिच्या जागी बाजूची थंड हवा खालून येते. हा थंड प्रवाह मेणबत्तीच्या कडेला स्पर्श करीत वर चढतो. त्यामुळे मधले मेण वितळते. पण कडेचे मेण घट्टच राहते. वितळलेले मेण वातीतून वर चढते, त्याची वाफ होते आणि ती वाफ जळते. म्हणजेच इंधन साठवणारे भांडे मेणबत्ती स्वतःच्याच मेणातून घडवते आणि वाऱ्याची झुळूक ते भांडे थंड ठेवते.

आपण मेण पेल्यात ओततो, तेव्हा ही व्यवस्था बदलते. घट्ट मेणाच्या कडेची जागा काच, धातू किंवा माती घेते. वितळलेले मेण थेट भांड्याच्या भिंतीला भिडते आणि ज्योत जसजशी खाली जाते, तसतशी ती चारही बाजूंनी बंदिस्त होते. मेणबत्तीची कड जे काम करीत होती, ते आता भांड्याने करायचे असते. म्हणून भांडे ही मेणबत्तीची नुसती शोभा नसून तिचा कामाचा भाग आहे. त्या भांड्याने चार गोष्टी पाळल्या पाहिजेत : ते जळू नये, तडकू नये, झिरपू नये आणि कलंडू नये.

पहिली कसोटी : जळू नये

ही कसोटी अगदी उघड वाटते. तरीही सर्वाधिक चुका येथेच होतात. नारळाच्या करवंटीत मेण ओतून केलेल्या मेणबत्त्या फार आकर्षक दिसतात. परंतु करवंटी हे खेड्यापाड्यांत चुलीत घालण्याचे सरपण आहे आणि तिचा कोळसाही उत्तम होतो. जी वस्तू आपण चूल पेटवण्यासाठी वापरतो, तीच ज्योतीचे भांडे म्हणून वापरणे सयुक्तिक नाही. मेण संपत आले की ज्योत करवंटीला भिडते आणि मेणाने माखलेली करवंटी स्वतःच पेटू शकते. लाकडी वाट्या, बांबूचे तुकडे आणि कागदी पेले यांनाही हाच न्याय लागू आहे.

प्लास्टिकच्या डब्या तर पूर्णपणे टाळाव्यात. वितळलेल्या मेणाच्या उष्णतेनेच त्या मऊ पडतात आणि ज्योत लागल्यास पेट घेतात. वरून काचेसारखी दिसणारी अनेक भांडी प्रत्यक्षात प्लास्टिकची असतात, म्हणून नखाने वाजवून आणि वजन हातात तोलून खात्री करावी.

सजावटीचाही येथेच विचार करावा. काचेच्या आतल्या बाजूस लावलेला रंग, बाहेर डिंकाने चिकटवलेली सुतळी, लेस, कागदी फिती, मेणात रोवलेली सुकी फुले व पाकळ्या या सर्व ज्वलनशील वस्तू आहेत. वितळलेल्या मेणात भिजलेली सुकी पाकळी दुसऱ्या वातीसारखी जळू लागते. सजावट करायचीच असेल, तर ती भांड्याच्या बाहेर, तळाच्या बाजूला आणि काठापासून दूर असावी. आतमध्ये मेण आणि वात यांखेरीज काही नसावे.

दुसरी कसोटी : तडकू नये

थंड पेल्यात एकदम उकळता चहा ओतला, तर पेला तडकतो, हे आपण जाणतो. आतील काच तापून प्रसरण पावते; बाहेरील काच मात्र अजून थंडच असते. या ओढाताणीत काच फुटते. काच जाड असली की ती अधिक सुरक्षित, असा एक समज आहे. तो बरोबर नाही. जाड काचेत आतल्या व बाहेरच्या तापमानातील फरक अधिक काळ टिकतो आणि ताण वाढतो. काचेची जाडी किती, यापेक्षा ती सर्वत्र सारखी आहे का, हे पाहणे अधिक महत्त्वाचे आहे. काच उजेडासमोर धरून आत बुडबुडे, रेषा, जाड-पातळ भाग दिसतात का, ते पाहावे. ओरखडा पडलेले किंवा काठाचा टवका उडालेले भांडे कितीही आवडते असले, तरी बाजूला ठेवावे. कारण तडा अशाच ठिकाणाहून सुरू होतो.

आपल्या विद्यालयाच्या प्रयोगशाळेतील चंचुपात्रे आणि परीक्षानळ्या बोरोसिलिकेट काचेच्या असतात. ही काच तापल्यावर साध्या काचेच्या सुमारे एक-तृतीयांशच प्रसरण पावते. म्हणून ती उष्णतेचा आघात अधिक सोसते. अशा काचेचे पेले मिळाल्यास उत्तम. परंतु तीही अभंग नव्हे. साध्या काचेत लोणचे, मुरंबा किंवा जॅम यांच्या सरळ भिंतीच्या बरण्या नवशिक्यांना सोयीच्या असतात. नाजूक दांड्याचे पेले, पातळ शोभेच्या वस्तू आणि कापलेल्या बाटल्या मात्र घेऊ नयेत. कापलेल्या बाटलीच्या काठावर सूक्ष्म तडे राहण्याचा संभव असतो.

अमेरिकेतील एएसटीएम या मानक-संस्थेने मेणबत्तीच्या काचपात्रांसाठी स्वतंत्र मानक केले असून, त्यात ५० अंश सेल्सिअस फरकाचा तापमानाचा आघात सोसण्याची अट आहे. यावरून घरगुती चाचणीची कल्पना येते. एकाच प्रकारची दहा-वीस भांडी घेणार असल्यास त्यांतील एक चाचणीसाठी बाजूला काढावे. ते पातेल्यातील पाण्यात ठेवून पाणी सावकाश ७५ अंशांपर्यंत तापवावे, काही मिनिटे तसेच राहू द्यावे आणि नंतर पकडीने उचलून २५ अंशांच्या पाण्याच्या बादलीत सोडावे. ही चाचणी मोठ्यांनीच करावी, डोळ्यांना चष्मा व हातांना जाड हातमोजे असावेत आणि मुलांना दूर ठेवावे. भांडे तडकले, तर त्या प्रकारची भांडी वापरू नयेत. टिकले, तरी चाचणीचे भांडे मेणबत्तीसाठी घेऊ नये, कारण त्याने एक आघात सोसलेला असतो.

तिसरी कसोटी : झिरपू नये

वितळलेले मेण हे पातळ तेलासारखेच असते आणि बारीकशा फटीतूनही ते वाट काढते. पत्र्याच्या डब्यांच्या सांध्यांकडे म्हणून नीट पाहावे. डाख दिलेला सांधा उष्णतेने सैल पडू शकतो. एकसंध पत्र्यातून दाबून काढलेली डबी किंवा स्टीलची वाटी हा चांगला पर्याय आहे.

मातीच्या भांड्यांविषयी थोडे विस्ताराने लिहिणे आवश्यक आहे. पणती, बोळके, कुल्हड ही आपल्या ओळखीची भांडी. दिवाळीपूर्वी पणत्या पाण्यात भिजत घालण्याची पद्धत आहे. पणतीने तेल कमी प्यावे, हा त्यामागचा हेतू. म्हणजे पणती तेल पिते, हे आपल्या आजी-पणजींना पक्के ठाऊक होते. मेणाच्या बाबतीत मात्र हा उपाय उलटा पडतो. भिजवलेल्या पणतीत गरम मेण ओतल्यास आतील ओलावा तडतडतो व मेण अंगावर उडते. कोरडी पणती घेतली, तर मेण मातीत मुरते, बाहेरच्या पृष्ठभागावर येते, खालच्या पाटावर किंवा कापडावर उतरते आणि भांड्याचा काठच वातीसारखा पेटण्याचा धोका निर्माण होतो. म्हणून आतून झिलई असलेले मातीचे अथवा चिनी मातीचे भांडेच मेणासाठी घ्यावे. साधी पणतीच हवी असेल, तर अ‍ॅल्युमिनियमच्या छोट्या वाटीतील तयार मेणबत्ती तिच्यात ठेवावी. म्हणजे मेणाचा मातीशी संबंध येत नाही.

झिरपण्याची चाचणी सोपी आहे. भांडे पाण्याने भरून रात्रभर कोऱ्या कागदावर ठेवावे. सकाळी कागदावर ओलसर वर्तुळ दिसल्यास ते भांडे नापास. चिनी मातीच्या पेल्याच्या झिलईवर केसासारख्या रेषा दिसत असतील, तर पाणी झिरपले नाही तरी तो वापरू नये.

चौथी कसोटी : कलंडू नये

उंच आणि अरुंद बुडाचे भांडे धक्का लागताच पडते. पडलेल्या तेलाच्या दिव्याप्रमाणेच पडलेल्या मेणबत्तीतून पेटते इंधन सांडते. बूड रुंद, सपाट आणि जड असावे. भांडे फरशीवर ठेवून डुगडुगते का, ते पाहावे. नंतर ३० सेंटिमीटर लांबीच्या फळीच्या एका टोकाखाली सुमारे ५ सेंटिमीटर उंचीचा ठोकळा ठेवावा. हा उतार जवळजवळ १० अंशांचा होतो. फळीवर जाड कापड अंथरून त्यावर भांडे ठेवल्यास ते स्थिर राहिले पाहिजे.

तोंडाचा आकारही येथेच तपासावा. बुडाइतकेच किंवा किंचित अधिक रुंद तोंड योग्य असते. तोंडाशी निमुळते होणारे भांडे ज्योतीला पुरेशी हवा देत नाही. काजळी धरते आणि सारी उष्णता गळ्याशी साठते. फार पसरट वाटीला एक वात पुरत नाही. नवशिक्यांनी ६ ते ८ सेंटिमीटर व्यासाचे, सरळ भिंतीचे, एका वातीचे भांडे घ्यावे. वाती वाढल्या की उष्णताही वाढते. तो अभ्यास पुढचा.

धातूचे भांडे : एक इशारा

काचेच्या तुलनेत स्टील, पितळ किंवा अ‍ॅल्युमिनियम अधिक निर्धोक वाटतात. ते फुटत नाहीत, हे खरे. परंतु ते उष्णता झपाट्याने वाहून नेतात. मेण संपत येताना स्टीलच्या वाटीचे बूड इतके तापते की खालचा प्लास्टिकचा टेबलक्लॉथ वितळावा किंवा लाकडी फळीवर काळा डाग पडावा. जळत्या वाटीला हात लावल्यास चटका बसतो आणि ती हातातून सुटते. म्हणून धातूच्या भांड्याखाली फरशीचा तुकडा किंवा चिनी मातीची ताटली अवश्य ठेवावी आणि ते जळत असताना जागेवरून हलवू नये.

मेण ओतताना

चांगल्या भांड्याचाही घात ओतण्याच्या वेळी होऊ शकतो. मेण थेट आचेवर कधीही वितळवू नये. मोठ्या पातेल्यात पाणी घेऊन त्यात मेणाचे भांडे ठेवावे, म्हणजे मेणाचे तापमान १०० अंशांच्या पुढे जात नाही. पॅराफिन मेण प्रकारानुसार साधारण ४६ ते ६८ अंशांच्या दरम्यान वितळते. त्याहून फार अधिक तापवण्याची गरज नसते. तापमापक जवळ असावा. मेण पेटलेच, तर गॅस बंद करून भांड्यावर झाकण ठेवावे. पाणी मुळीच ओतू नये. पाणी जड असल्याने मेणाच्या तळाशी जाते, क्षणार्धात त्याची वाफ होते, ती सोळाशे पटींहून अधिक जागा व्यापते आणि पेटते मेण चहूकडे उडवते.

भांडे स्वच्छ आणि पूर्ण कोरडे असावे. काचेचे भांडे गार फरशीवर ठेवून मेण ओतू नये. ते आधी कोमट करून लाकडी पाटावर ठेवावे. मेणबत्ती लवकर घट्ट व्हावी म्हणून ती फ्रीजमध्ये ठेवू नये. भांडे काठोकाठ न भरता वर १ ते दीड सेंटिमीटर जागा सोडावी. किती मेण लागेल, याचा हिशेब पाण्याने होतो. जेथवर मेण हवे तेथवर पाणी भरून मोजावे. १६० मिलिलिटर पाणी मावले, तर सुमारे १४० ग्रॅम मेण पुरते. हिशेब झाल्यावर भांडे पुन्हा पुसून वाळवावे.

वात बरोबर मध्यभागी असणे हा भांड्याच्या सुरक्षिततेचाच भाग आहे. वात एका बाजूला सरकली की ज्योत भिंतीचा एकच ठिपका तापवत राहते आणि साधी काच तेथेच तडकते. वातीच्या टोकाला पत्र्याची चकती लावून ती बुडाशी पक्की बसवावी. चकतीला थोडा उंच गळा असल्यास ज्योत तळाला पोहोचण्याआधीच विझते. एवढ्याशा चकतीने अखेरचा मोठा धोका टळतो.

जळत असताना

भांड्यातील मेणबत्तीचा सर्वांत धोक्याचा काळ पहिला नसून शेवटचा असतो. मेण भरपूर असते, तोवर ते उष्णता शोषून घेते. मेण संपत आले की सारी उष्णता बुडावर एकवटते. म्हणून तळाशी सुमारे १.३ सेंटिमीटर, म्हणजे अर्धा इंच मेण उरताच मेणबत्ती विझवावी आणि ती पुन्हा लावू नये. उरलेले मेण वाया जात नाही. ते काढून पुढच्या वेळी वितळवता येते.

प्रत्येक वेळी लावण्यापूर्वी वात ६ मिलिमीटरपर्यंत कापावी. सलग चार तासांहून अधिक काळ मेणबत्ती तेवत ठेवू नये. दोन मेणबत्त्यांत किमान ७ ते ८ सेंटिमीटर अंतर असावे. पंख्याखाली किंवा खिडकीच्या झोतात ठेवल्यास ज्योत एका बाजूस झुकते व त्या बाजूची काच तापते. नव्या प्रकारच्या भांड्यातील पहिली मेणबत्ती कोणालाही देण्यापूर्वी आपण स्वतः, तिच्याजवळ बसून, टप्प्याटप्प्याने शेवटपर्यंत जाळून पाहावी. भिंतीला बोट लावताच मागे घ्यावे लागत असेल, ज्योत सतत उंच उडत असेल किंवा काठावर काजळी धरत असेल, तर त्या भांड्याला ती वात मोठी आहे, असे समजावे.

आपली मेणबत्ती दुसऱ्याच्या घरी

स्वतःसाठी केलेल्या मेणबत्तीवर आपली नजर असते. विकलेली किंवा भेट दिलेली मेणबत्ती मात्र अनोळखी घरात जळते. तिच्या शेजारी कोणाचा पडदा असेल, कोणाची वह्या-पुस्तके असतील, वीज गेल्यावर तिच्याच उजेडात एखादे मूल अभ्यास करीत बसले असेल. घेणाऱ्याला भांड्याचा रंग दिसतो. झिलईखालची भेग किंवा सरकलेली वात दिसत नाही. ते पाहण्याचे काम करणाऱ्याचेच आहे. सम्यक आजीविकेचा विचार आपण मोठमोठ्या व्यवसायांच्या संदर्भात करतो. तो दहा-वीस रुपयांच्या मेणबत्तीलाही तितकाच लागू पडतो.

म्हणून प्रत्येक मेणबत्तीच्या बुडाला सोप्या मराठीत चार सूचना चिकटवाव्यात : जळती मेणबत्ती एकटी सोडू नये, मुलांपासून, पडद्यांपासून व कागदांपासून दूर, ताटलीवर ठेवावी, जळत असताना हलवू नये, अर्धा इंच मेण उरल्यावर पुन्हा लावू नये.

वसतिगृहांत आणि विहारांत मेणबत्त्यांची जबाबदारी घेणाऱ्या कार्यकर्त्यांनी याच कसोट्या लावाव्यात. वंदनेच्या जागी फरशी किंवा वाळूने भरलेले पसरट ताट असावे, वर झालरी व कागदी पताका नसाव्यात आणि वंदना संपल्यावर शेवटची ज्योत विझेपर्यंत एक मोठी व्यक्ती तेथे थांबावी. सुरुवात करणाऱ्यांनी या बुद्धपौर्णिमेला सरळ भिंतीची एक स्वच्छ बरणी, एक वात आणि एक पत्र्याची चकती एवढ्यावरच प्रयोग करावा. ती मेणबत्ती न तडकता, न झिरपता शेवटच्या अर्ध्या इंचापर्यंत शांतपणे जळली, की मग दुसरी करावी.